ख्रिसमसच्या मागचा समुद्र

२१ ऑगस्ट, गुरुवार

पोचले एकदाची! अक्सेल बसथांब्यावर घ्यायला आला होता. अजून तशीच चालवतो गाडी – तिसऱ्या गियरमध्ये चढ, तिसऱ्यातच उतार. उभा जन्म मी आल्बोर्गमध्ये लोकांना गाडी शिकवण्यात घालवला, आणि सख्खा भाऊ असा! मी दाराची मूठ धरून बसले. "काही बोलू नकोस," म्हणाला. मी बोललेच नव्हते. "श्वास घेतलास," म्हणाला.

परवा त्याला पंचाहत्तर पूर्ण. सकाळी दहाला सगळा गाव कॉफीला. टोवेने दोन दिवस आधीच गोल पाव भाजून ठेवलेत – शिळे झाले तरी पाहुणे गोड मानून घेतात, असा माझ्या भावजयीचा अनुभव आहे. कोण कोण येणार म्हणून मी विचारलं. तिने सगळ्यांची नावं घेतली. विगोचं नाही घेतलं.

विगो आमचा धाकटा. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं धुराडं दिसतं. अकरा वर्षं हे दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. भांडण कसलं, तर टेकडीवरच्या तीन थडग्यांचं – गवताने झाकलेले मातीचे जुने उंचवटे! बाबा गेले, जमिनीची वाटणी झाली, थडगी अक्सेलच्या वाट्याला आली. विगोलाही तीच हवी होती. उपयोग म्हणाल तर शून्य. तिथे नांगरायचं नाही, खणायचं नाही, काही बांधायचं नाही, सरकारचा कडक पहारा. तीन हजार वर्षांपूर्वीचा कुणी सरदार आत झोपलाय, त्याच्या झोपेची काळजी करायची आणि वर मेंढ्या चारायच्या, एवढंच. पण लहानपणी रविवारी बाबा आम्हाला तिथे न्यायचे. मोठ्या थडग्यावर बसून ते कॉफी प्यायचे, आम्ही समोरचा समुद्र बघायचो. तेवढ्यासाठी दोघांना ती हवी होती. हे दोघांपैकी कुणीही तोंडाने म्हणालं नाही.

मी मात्र या खेपेला ठरवून आलेय. दोघांना एका टेबलाशी बसवल्याशिवाय परत जायचं नाही. माझंही वय झालंय. दरवर्षी दोन घरी दोन वेळा कॉफी प्यायची, याचं तिकडे, त्याचं इकडे कळू द्यायचं नाही – पोट बिघडतं माझं. गेल्याच आठवड्यात विगोला फोन केला. "शनिवारी ये," म्हटलं.

"बघू," म्हणाला.

आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी अक्सेलबरोबर वर गेले. टेकडी सगळी जांभळी झालीय. मेंढ्यांनी गवत असं कातरलंय की न्हाव्यालाही जमणार नाही. अक्सेल वाटेत दोनदा थांबला. दम लागला म्हणून नव्हे – देखावा बघायला, असं त्याचं म्हणणं. दोन्ही वेळा समोर मेंढीच होती.

मोठ्या थडग्यावर बसलो आणि समोर – झाडं! विगोची ख्रिसमसची झाडं. वाटणी झाली त्याच वर्षी त्याने आपल्या बाजूला लावली. कायद्याने थडग्यांपासून जेवढं अंतर सोडायचं तेवढं बरोबर सोडलं, वीतभरही जास्त नाही. इतर रांगा वेळच्या वेळी कापून विकल्या. ही वरची रांग तेवढी ठेवली. आता ती झाडं एवढी वाढलीत की कुठल्याही घरात मावायची नाहीत, चर्चमध्ये नेली तर शेंडा छताला लागेल. विकण्याच्या कामाची नाहीत, सरपणाचीही धड नाहीत. फक्त उभी आहेत. समुद्र त्यांच्यापलीकडे.

तेवढ्यात पाठीवर पिशव्या अडकवलेलं एक जोडपं वर आलं. थडगी बघायला उन्हाळाभर अशी माणसं येतच असतात. बाई नकाशा उघडून इकडेतिकडे बघत होती. "इथून खाडीचा देखावा दिसतो असं लिहिलंय. समुद्र कुठे आहे?"

अक्सेलने कॉफीचा घोट घेतला. "ख्रिसमसच्या मागे," म्हणाला.

बाईंना वाटलं, डिसेंबरनंतर दिसतो. त्यांनी तसं नकाशावर टिपून घेतलं.

उतरताना मी विषय काढलाच. म्हटलं, "अरे, उद्या विगोला बोलाव की. एक फोन."

"त्याला वाढदिवस ठाऊक आहे," म्हणाला. "बदललेला नाही मी तो."

"पण बोलावलंस का?"

"लिस गेली तेव्हा मी गेलो होतो." लिस म्हणजे विगोची बायको, चार वर्षं झाली. अक्सेल गेला होता हे खरं. शेवटच्या बाकावर बसला, नंतरची कॉफी प्यायला, एक अक्षर न बोलता घरी आला. आमच्या भागात मयताला सगळे जातात. वैर असलं तरी जातात, वैर असलं तर जरा लवकर जातात.

"मेलेल्यांकडे जातोस, जिवंतांचं काय?" मी म्हटलं. त्याने मेंढ्या मोजायला सुरुवात केली. विषय संपला.

२३ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस नीट लिहून काढते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळी आठला अक्सेल झेंडा चढवायला अंगणात गेला. झगा, पायात लाकडी तळाचे चपटे बूट, डोक्याला काही नाही. वाढदिवसाला झेंडा हवाच. झेंडा अर्ध्यावर गेला आणि थांबला. दोरी वरच्या कप्पीत अडकली. ओढली – वर जाईना. सोडली – खाली येईना. अक्सेलने खांबाला लाथ मारली. मग शिव्या दिल्या. मग दुसऱ्या पायाने लाथ मारली. टोवे खिडकीतून ओरडली, "राहू दे रे! पाहुणे यायचेत, दाढी कर!" तो आत आला. झेंडा राहिला – बरोबर अर्ध्यावर.

अर्ध्यावर झेंडा म्हणजे घरात मयत. हे इथे शाळेत जाण्याआधी मुलांना कळतं. आणि आमचं घर उतारावर, खालच्या सगळ्या गावाला खांब दिसतो. पण आम्ही तिघंही स्वयंपाकघरात पावांना लोणी लावत होतो. आपल्या घरातलं मयत आपल्याला कुठून सुचणार!

साडेआठला पहिला फोन. टोवेने घेतला. खालच्या वळणावरच्या पाउलची बायको. हळू आवाजात विचारत होती, "कधी झालं गं?" टोवेला वाटलं, खांबाचं विचारतेय. "आठ वाजता," म्हणाली. "एकदम अडकलं बघ." पलीकडे रडणं ऐकू आलं. टोवे मला म्हणाली, "काय हळवी बाई आहे! एका दोरीसाठी!"

नवाच्या सुमाराला पाद्रीणबाई सायकलवरून आल्या. तरुण आहेत, दोनच वर्षं झाली इथे. दारात मीच होते. मला बघून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. उद्या चर्चमध्ये नाव वाचायचं, म्हणून पूर्ण नाव विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं, "कुणाचं?" तेवढ्यात मागून अक्सेल आला – अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा. पाद्रीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग झेंड्याकडे. "अभिनंदन," म्हणाल्या. त्यांना काय दोष द्यायचा? कॉलेजात एवढं थोडंच शिकवतात.

मग सगळा उलगडा झाला, पण आता उशीर झाला होता. लोक निघाले होते. पाउल काळा कोट घालून आला. हातात भेटीची बाटली – कागद तोच, लाल फीत तेवढी सोडून खिशात घातलेली. अक्सेलला बघून त्याने फीत बाहेर काढली आणि तिथेच उभ्या उभ्या परत बांधली. सुईसारखी ताठ माणसं सगळी! कुणी हसलं नाही. एकेक जण आत येई, अक्सेलचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवी, आणि म्हणे, "बरा दिसतोस."

"हो, सध्या तरी," अक्सेल म्हणे.

दहाला सगळे बसले. काळ्या कपड्यात माणसं, मध्ये मोठा केक, केकवर छोटे छोटे झेंडे – तेही कुणीतरी नीट सरळ केले. टोवेने कडू दारूचे पेले भरले. एक खुर्ची रिकामी होती. अक्सेलच्या शेजारची.

अकराला ट्रॅक्टरचा आवाज. विगो! काळा सूट – लिसच्या वेळचा, आता पोटावर बसत नाही. दाढी केलेली. हातात फरच्या झाडाच्या फांद्यांचं मोठं चक्र, मयताला वाहतात तसलं. डिसेंबरात विकायला तो अशी बनवतो, त्यामुळे काम सफाईदार होतं, तारही कुठे दिसत नव्हती. दार अक्सेलनेच उघडलं, हातात केकचा काटा.

विगोचा चेहरा तसाच राहिला. आमच्या घराण्यात चेहरे तसेच राहतात.

"आहेस," विगो म्हणाला.

"आहे," अक्सेल म्हणाला. "तू?"

"मीही आहे."

"बरं."

"हे कुठे ठेवू?"

अक्सेलने चक्राकडे बघितलं. "कुठल्या झाडांचं आहे?"

"वरच्या."

दोघंही दारातच उभे. टोवे आतून ओरडली, "अरे आत तरी या, कॉफी गार होतेय!" विगो आत आला. त्या एकाच रिकाम्या खुर्चीवर बसला. चक्र मांडीवर. मी ते काढून घेतलं, नाहीतर त्याने तसाच केक खाल्ला असता. मग सगळ्यांनी वाढदिवसाचं गाणं म्हटलं, तीनदा हुर्रा केलं. विगोनेही केलं. त्याचा आवाज बाबांसारखा आहे, हे मी विसरलेच होते. माझे डोळे भरून आले. मी कांदा चिरायला स्वयंपाकघरात गेले. कांदा कशालाच नको होता.

दोन तास बसला! दोन तुकडे केक, तीन कप कॉफी. अक्सेलशी एकूण बोलणं असं – "साखर." "घे." जाताना टोवेला हात दिला, मला दिला, अक्सेलकडे मान हलवली. मला वाटलं, जिंकले! न भांडता, न बोलावता, एका टेबलाशी बसले दोघं. त्या दोरीची मी पापी घेतली असती.

पण पाहुणे गेले आणि अक्सेल खुर्चीत बसून राहिला. दुपारी पाउलच्या मदतीने खांब आडवा केला, झेंडा सोडवला, घडी घातली. जेवताना काळ्या पावाच्या तुकड्याकडे बघत म्हणाला, "अकरा वर्षं. इथून त्याचं घर दिसतं. एकदा आला नाही. मी मेलो म्हटल्यावर तीन तासांत सूट सापडला साहेबांना."

"अरे, आला ना पण!" मी म्हटलं.

"मला भेटायला नाही आला. लिसच्या वेळी मी गेलो, त्याची परतफेड करायला आला." आणि मग म्हणाला, "जिवंत निघालो म्हणून बिचाऱ्याची फेरी वाया गेली."

आधी नुसता अबोला होता. आता त्याला दुखलंय! सांत्वन करण्याची आमच्याकडे पद्धत नाही. मी त्याला आणखी लोणी दिलं.

२४ ऑगस्ट, रविवार

चर्चला आम्ही तिघंही गेलो. अक्सेलने मुद्दाम पहिल्या बाकावर बसून घेतलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. पाद्रीणबाई मृतांची नावं वाचताना जरा थांबल्या, वर बघितलं, मग पुढे गेल्या.

संध्याकाळी तो म्हणाला, चक्र परत नेऊन दे. "माझा समुद्र अडवणारी झाडं, आणि त्यांचंच चक्र माझ्या छातीवर!"

२५ ऑगस्ट, सोमवार

गेले चक्र घेऊन. थडग्यांवरून पायवाट आहे, तिनेच गेले. वाटेत तीन माणसं भेटली, पाठीवर पिशव्या, गळ्यात कॅमेरे. चक्र बघून टोप्या काढल्या. त्यांना वाटलं, मी थडग्यावर वाहायला चाललेय – तीन हजार वर्षांनी का होईना, नातेवाईक आला! मी मान लववली. समजावत कोण बसणार.

विगो स्वयंपाकघरात एकटाच. पावाला लावायच्या लिव्हर पेस्टचा डबा, एक सुरी, एक ताटली. लिसचा कप अजून खिळ्याला टांगलेला. चक्र मी टेबलावर ठेवलं. "अक्सेल म्हणतो, परत घे."

"ठेवू दे त्याला," विगो म्हणाला. "लागेलच कधीतरी."

मला राग आला. आल्बोर्गहून येऊन मी काय टपाल वाहतेय का? म्हटलं, "त्याला लागलंय विगो. मेल्यावर आलास, जिवंतपणी नाही, असं म्हणतो."

विगोने सुरी पुसली. परत पुसली. स्वच्छच होती.

"असं म्हणाला?"

"असंच."

"हं."

मग म्हणाला, "कॉफी घेशील?" प्यायले. उठताना मी विचारलं, "ती वरची रांग कशाला ठेवलीस रे? विकली जात नाहीत, कापत नाहीस." खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काढली तर त्याला वाटेल, मी हरलो."

"आणि ठेवून काय मिळालं?"

"काही नाही. इथे खोलगटात मलाही समुद्र दिसत नाही," म्हणाला. "तू माझ्याकडे कितीदा आलीस, कधी दिसला?"

मूर्ख! दोघंही मूर्ख! मी एकाच आईच्या पोटची, म्हणजे मीही असणारच.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून टेकडीवर यांत्रिक करवतीचा आवाज. अक्सेल अंडं खात होता. चमचा थांबला.

"वरची रांग," टोवे म्हणाली.

"करवतीची साखळी बोथट आहे," अक्सेल म्हणाला. अंडं संपवलं. पाच मिनिटं ऐकत बसला. "असा कापत राहिला तर झाड अंगावर घेईल गाढव." उठला, कानस घेतली, वर गेला. मी मागोमाग, पण लांबून.

विगोने करवत बंद केली. अक्सेलने हात पुढे केला. विगोने करवत दिली. अक्सेलने थडग्याच्या पायथ्याशी बसून साखळीला धार लावली, करवत परत दिली. "बुंधा उंच सोडतोस. खालून काप," म्हणाला. विगोने पुढचं खालून कापलं.

एवढंच. पण मी दिवसभर गुणगुणत होते. टोवेने विचारलं, बरं नाही का.

२७ ऑगस्ट, बुधवार

रांग पडली. समुद्र आहे! होता तिथेच आहे. संध्याकाळी आम्ही तिघं भावंडं मोठ्या थडग्यावर बसलो, मी मध्ये. टोवेने थर्मास भरून दिला होता. खाडीत दोन शिडं होती. थर्मास हातोहात फिरत होता, बरं वाटत होतं.

मग विगो फांद्या गोळा करायला गेला, तेव्हा अक्सेल हळूच म्हणाला, "झाडं कापली, ठीक आहे. पण आला ते मी मेलो म्हणून. ते काही माझ्या डोक्यातून जात नाही, बोडिल. जिवंत माणूस म्हणून मी त्याला नको होतो."

मी म्हटलं, असं नसेल रे. तो म्हणाला, "काळा सूट घालून आला होता. अजून काय पुरावा हवा?"

झोपायला जाताना वाटलं, समुद्र दिसला म्हणजे सगळं झालं असं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बसथांब्यावर विगोने सोडलं. आरशात न बघता वळला, मी टोकलं नाही. बस समोरून येताना दिसली तेव्हा म्हणाला, "शनिवारी सकाळी मी वरच्या शेतात होतो. अक्सेल झगा घालून खांबाला लाथा घालत होता. शिव्या माझ्यापर्यंत ऐकू येत होत्या."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? जिवंत आहे म्हणून?"

"मेलेला माणूस एवढ्या शिव्या देत नाही."

"मग तो सूट? ते चक्र?"

"वाढदिवसाला त्याने मला कुठे बोलावलं होतं?" विगो म्हणाला. "मयताला बोलावणं लागत नाही." आणि मग, "त्याला सांगू नकोस."

नाही सांगत, म्हटलं. बसमध्ये बसले. दार लागायच्या आत अक्सेलला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग आवाज आला, माझ्याशी नव्हे –

"टोवे! माझे बूट कुठेत? विगोकडे जाऊन येतो."